हेरमान, माक्स

(१४ मे १८६५–१७ नोव्हेंबर १९४२). जर्मन साहित्येतिहासकार आणि बर्लिन विद्यापीठातील रंगभूमिशास्त्र संस्थेचे संस्थापक. जन्म बर्लिन येथे ज्यू कुटुंबात. अभ्यासाचे मूळ विषय जर्मन भाषा-साहित्य व इतिहास. १८९१ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात ‘प्रिव्हाटडोत्सेंट’ झाले. या पायरीवरच्या अध्यापकाला व्याख्याने देण्याचा अधिकार असे, पण विद्यापीठाचे नियमित वेतन नसे. हेरमान याच पायरीवर तब्बल २८ वर्षे राहिले. १९१९ मध्ये दुय्यम प्राध्यापकपद आणि १९३० मध्ये, वयाच्या पासष्टीत, पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. या विलंबामागे त्यांचे ज्यू असणे आणि त्यांच्या विषयाचे नवखेपण अशी दोन्ही कारणे दिली जातात. पहिले अधिक वजनाचे दिसते.

रंगभूमीच्या इतिहासावर त्यांनी १९०० पासून व्याख्याने दिली. १९२३ मध्ये साहित्याभ्यासक ज्यूलियस पेटरसन यांच्यासह त्यांनी बर्लिन विद्यापीठात संस्था स्थापन केली. या विषयाचा पहिला मान कोणाचा, याबद्दल मतभेद आहेत. म्यूनिकमध्ये आर्टुर कुचर आणि कोलोनमध्ये कार्ल नीसेन हेही याच सुमारास रंगभूमी शिकवीत होते. लाइपसिकच्या आल्बर्ट क्योस्टर यांनी रंगमंचांच्या प्रतिकृतींचा संग्रह उभा केला होता. निव्वळ अध्यापन मोजले, तर बर्लिनचा दावा सैल पडतो. विद्यापीठाची स्वतंत्र संस्था ही कसोटी धरली, तर तो बराच टिकतो. नट घडविणे हा या संस्थेचा हेतू नव्हता. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे १९१४ मध्ये सुरू झालेला नाट्यपदवीचा अभ्यासक्रम रंगकर्मी घडविण्यासाठी होता. बर्लिनला संशोधक हवे होते. या नोंदीत ‘रंगभूमिशास्त्र’ हा शब्द याच, संशोधनाच्या, अर्थाने वापरला आहे. भरतप्रणीत नाट्यशास्त्रात प्रयोगाचे विधिनियम येतात, त्याच्याशी याची गल्लत होऊ नये.

हेरमान यांचा मूळ सिद्धांत असा : नाटकाची संहिता हा साहित्याचा विषय, तर रंगभूमीच्या अभ्यासाचा विषय प्रयोग. प्रयोग मात्र पडदा पडताच नाहीसा होतो. मग शेकडो वर्षांपूर्वीचा प्रयोग अभ्यासायचा कसा? त्यांचे उत्तर पुनर्रचना हे होते. मध्ययुगीन व प्रबोधनकालीन जर्मन रंगभूमीच्या इतिहासावरील १९१४ च्या ग्रंथात त्यांनी नमुन्यादाखल न्यूर्नबर्गचे चांभार-कवी हान्स झाक्स यांचे १५५७ सालचे, सात अंकांचे आणि सतरा पात्रांचे झायफ्रीड या वीरावरील नाटक घेतले. ते तेथील मार्था चर्चमध्ये झाले असे गृहीत धरले. इमारत उभी असल्याने जागेचा आकार हाताशी होता.

पद्धत थोडक्यात अशी. प्रथम संहितेतील प्रत्येक प्रवेश-निर्गम टिपायचा. झाक्सच्या सूचना ‘येतो’, ‘जातो’ इतक्याच त्रोटक असतात. एक पात्र आत जाताच दुसरे निराळ्या ठिकाणाहून येत असेल, तर किमान दोन वाटा लागतात. राक्षसासाठी व अजगरासाठी दडायची जागा लागते. झुंज कोठे होईल, पराभूत कोठे पडेल, त्याला आत कसे नेतील, हेही पाहायचे. मग या गरजा चर्चच्या नकाशावर बसवायच्या : वेदीकडचा भाग, त्याच्या पायऱ्या, दारे, प्रेक्षकांची नजर. त्यानंतर सामान, वेशभूषा आणि शेवटी अभिनय. हातवाऱ्यांच्या सूचना एकत्र करून त्या समकालीन चित्रांशी ताडायच्या. सारे जुळून नाटक प्रत्यक्ष उभे करता येईपर्यंत पुनर्रचना पुरी झाली असे मानायचे नाही.

पद्धतीचा कच्चा दुवा येथेच आहे. रंगमंच संहितेवरून ठरवायचा आणि पुन्हा संहितेचा अर्थ त्या रंगमंचावरून लावायचा, यात वर्तुळ तयार होते. शिवाय ‘जातो’ म्हणजे मंचावरून उतरतो की नुसता कोपऱ्यात सरकतो, हे संहिता सांगत नाही. तेथे चूक झाली, की दारांची संख्या चुकते आणि पुढचा नकाशा ढासळतो. क्योस्टर यांनी याच टप्प्यांवर आक्षेप घेतले. हेरमान यांनी मंच वेदीभागाच्या पुढे कल्पिला होता, क्योस्टर यांनी तो वेदीभागाच्या आत नेला. १९२३ मध्ये हेरमान यांनी अनावृत पत्राने उत्तर दिले, त्यावर क्योस्टर यांनी त्याच वर्षी आपला अखेरचा शब्द म्हणून प्रतिवाद केला. वाद निर्णायकपणे मिटला नाही. मुळात हे नाटक त्याच चर्चमध्ये झाले का, हाही प्रश्न उरतो. तरी दोघांच्या नकाशांपेक्षा त्यांनी पुराव्याला लावलेली शिस्त अधिक टिकाऊ ठरली. ग्रंथाच्या उत्तरार्धात जुन्या छापील नाटकांतील काष्ठचित्रांची (कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांनी छापलेल्या चित्रांची) छाननी आहे. टेरेन्स या रोमन नाटककाराच्या नाटकांच्या १४९६ च्या स्ट्रासबर्ग आवृत्तीत माणसे, घरे, झाडे यांचे सुटे ठोकळे जोडून चित्रे बनविली आहेत आणि तेच ठोकळे पुनःपुन्हा वापरले आहेत. अशी चित्रे प्रयोगाचा पुरावा म्हणून जपूनच घ्यावी लागतात.

१९२० च्या एका व्याख्यानात त्यांनी रंगभूमीला सर्वांनी सर्वांसाठी खेळलेला सामाजिक खेळ म्हटले. प्रेक्षकही त्यात सहखेळाडू असतो. या मांडणीमुळे त्यांचा विषय साहित्याकडून समाजशास्त्राकडे झुकला. पुढे १९३१ च्या निबंधात रंगभूमीतील अवकाशानुभव ही कल्पना आली. जर्मन रंगभूमी-अभ्यासक एरिका फिशर-लिश्ट यांच्या लेखनाने या विचारांना अलीकडे पुन्हा उजाळा मिळाला.

१९३३ च्या वसंतात विद्यापीठात नाझी विद्यार्थ्यांचे पत्रक लागले. ज्यू माणूस जर्मन भाषेत लिहितो तेव्हा खोटे बोलतो, असे त्यात म्हटले होते. ते भिंतीवर आहे तोवर आपण विद्यापीठात पाऊल ठेवणार नाही, असे हेरमान यांनी मंत्र्यांना लेखी कळविले. त्याच वर्षी त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. त्यानंतरही ते प्राचीन व आधुनिक काळातील व्यावसायिक अभिनयकलेच्या उगमावर लिहीत राहिले. १० सप्टेंबर १९४२ रोजी त्यांना पत्नी हेलेने, ज्या स्वतः साहित्याच्या अभ्यासक होत्या, यांच्यासह टेरेझिन येथील, नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत पाठविण्यात आले; तेथेच त्यांचे निधन झाले. हेलेने यांना १९४४ मध्ये आउशव्हिट्झच्या मृत्युछावणीत नेऊन ठार करण्यात आले. अभिनयकलेवरचे हस्तलिखित रूट म्योव्हियुस यांच्या संपादनाखाली १९६२ मध्ये बर्लिनला प्रसिद्ध झाले.