न्यूमोकॉकसची उसनवारी

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगना बुरशी धरलेल्या बशीत पेनिसिलिनचा सुगावा लागला, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. त्याच वर्षी त्याच शहरात फ्रेडरिक ग्रिफिथ यांचाही एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूचे, म्हणजे न्यूमोकॉकसचे, दोन वाण घेतले. एक जिवंत पण निरुपद्रवी, दुसरा जहाल पण उष्णतेनं मारलेला. वेगवेगळे टोचले तर उंदराला काही होत नव्हतं. एकत्र टोचल्यावर मात्र उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत, जहाल न्यूमोकॉकस सापडले. मेलेल्यांकडून जिवंतांनी काहीतरी उचललं होतं. ते 'काहीतरी' म्हणजे डीएनए, हे १९४४ साली ओसवाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ग्रिफिथ त्याआधीच, १९४१ साली, लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेले होते.

फ्लेमिंगचं औषध आणि ग्रिफिथचा जिवाणू यांची झुंज आजही चालू आहे.

जिवाणूजन्य न्यूमोनियात फुप्फुसातले वायुकोश द्रव आणि पू यांनी भरतात, मग श्वासातला ऑक्सिजन रक्तापर्यंत नीट पोचत नाही. पेनिसिलिन आणि त्याचं भावंड अमॉक्सिसिलिन जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) जाऊन चिकटतात. बांधकाम थांबतं, जिवाणू फुटतो. यावर स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंनी पेनिसिलिनच तोडणारं विकर वापरलं. न्यूमोकॉकसनं तसं केलं नाही. त्यानं भिंत बांधणाऱ्या विकरांचाच आकार बदलला, म्हणजे औषध नीट चिकटत नाही. या बदलासाठी लागणारी जनुकं गोधडीसारखी आहेत. मधली ठिगळं आपल्याच घशात राहणाऱ्या, एरवी निरुपद्रवी अशा स्ट्रेप्टोकॉकस भाऊबंदांकडून आलेली. ग्रिफिथनी उंदरात पाहिलेली उसनवारी आपल्या घशात बिनबोभाट चालते.

या तपशिलावर उपचार ठरतो. औषध तोडलं जात नाही, फक्त कमी चिकटतं. त्यामुळे मात्रा वाढवली की बहुतेक वेळा तेच जुनं औषध पुन्हा लागू पडतं. अमॉक्सिसिलिनच्या जोडीला दिलं जाणारं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल औषध तोडणारी विकरं निकामी करतं. न्यूमोकॉकसकडे ती नाहीतच, तेव्हा एकट्या न्यूमोकॉकससाठी ते फुकटच. जिवाणूला 'प्रतिरोधक', म्हणजे औषधाला दाद न देणारा, कधी म्हणायचं याचे प्रयोगशाळांचे निकष अमेरिकेत २००८ साली बदलले, तेव्हा शिरेतून पेनिसिलिन घेणाऱ्या न्यूमोनियाच्या रुग्णांतले अनेक 'प्रतिरोधक' न्यूमोकॉकस कागदावर एकदम 'संवेदनशील' झाले. जिवाणू तेच होते. फुप्फुसात औषध भरपूर पोचतं, मेंदूच्या आवरणात कमी; म्हणून मेंदूज्वरासाठी कडक निकष तसाच ठेवला. रिपोर्टवरचा 'रेझिस्टंट' हा शब्द दुखणं कुठे आहे हे पाहून वाचायचा असतो.

अझिथ्रोमायसिन या दुसऱ्या गटातल्या प्रतिजैविकाचं मात्र तसं नाही. ते जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवर बसतं. काही न्यूमोकॉकस ती जागाच अशी बदलतात की मात्रा कितीही वाढवली तरी उपयोग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या प्रतिरोधक जिवाणूंच्या यादीत या गटाच्या औषधांना न जुमानणारा न्यूमोकॉकस आहे.

१९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंगनी एक काल्पनिक प्रसंग सांगितला होता. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन घेतात, तेही अपुरं. त्यांच्याकडून पत्नीला संसर्ग होतो, न्यूमोनिया होतो, आणि औषध चालत नाही. यातूनच 'कोर्स पूर्ण करा' हा मंत्र रुजला. माझ्या मते त्याचा अर्थ आपण जरा ताणला. मात्रा अपुरी नको हे खरं, पण दिवस जास्त म्हणजे फायदा जास्त, असं नाही. औषधाचा प्रत्येक जादा दिवस घशातल्या त्या भाऊबंदांवरही दाब टाकतो, आणि ठिगळं तिथूनच येतात. फ्रान्समधल्या २०२१ च्या एका चाचणीत इस्पितळात दाखल झालेले, पण तीन दिवसांत स्थिरावलेले न्यूमोनियाचे रुग्ण घेतले होते. तिथेच औषध थांबवलेले आणि आठ दिवस औषध घेतलेले, दोघेही सारखेच बरे झाले. अर्थात कोण 'स्थिरावला' हे ताप, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन पाहून डॉक्टरांनी ठरवायचं. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करणं वेगळं.

इस्पितळात, विशेषतः व्हेंटिलेटरवर असताना होणाऱ्या न्यूमोनियाची कथा याहून बिकट आहे. तिथे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास हे जिवाणू असतात. त्यांच्यातले काही कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही दाद देत नाहीत.

न्यूमोकॉकसविरुद्ध एक हत्यार मात्र वेगळ्या दिशेनं आलं. २००० साली अमेरिकेत लहान मुलांना न्यूमोकॉकसच्या सात प्रकारांवरची संयुग्म (जिवाणूच्या कवचाचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली) लस देणं सुरू झालं. प्रतिरोधक न्यूमोकॉकस बहुतांशी याच प्रकारांतले होते. मुलांमधला गंभीर आजार घटला आणि लस न घेतलेल्या वृद्धांमधलाही, कारण मुलांच्या नाका-घशातूनच जिवाणू घरभर पसरत होते. मग लशीत नसलेला १९-ए हा प्रकार बोकाळला, तोही बऱ्याचदा प्रतिरोधक. २०१० साली तेरा प्रकारांची लस आणावी लागली. ही लस जिवाणूच्या बाहेरचं साखरेचं कवच ओळखते. ग्रिफिथच्या उंदरांत निरुपद्रवी न्यूमोकॉकस मेलेल्यांच्या डीएनएवरून बनवायला शिकले होते, ते हेच कवच. आणि लशीच्या कचाट्यातून सुटलेले काही न्यूमोकॉकस तपासले, तेव्हा त्यांनी कवचाची जनुकं दुसऱ्याकडून घेतलेली आढळली.