मण्यार चावली की आधी पापण्या का पडतात?

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी-काणकोणातल्या एखाद्या वाड्यावर जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटात कळा येतात म्हणून उठतो. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. अंगावर दंशाची खूण सापडत नाही, कारण मण्यारीचे दात बारीक आणि चावा जवळजवळ न दुखणारा. थोड्या वेळानं त्याच्या पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, जीभ वळत नाही, आणि शेवटी श्वास थकतो.

या सगळ्यात मेंदूला काहीच झालेलं नसतं. त्याचा हुकूम चेतातंतूतून सेकंदाला साधारण ५० मीटरच्या वेगानं स्नायूपाशी पोचतो. पण चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये साधारण ५० नॅनोमीटरची फट असते. ती ओलांडायला चेतातंतूचं टोक ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतं, स्नायूवरचे ग्राहक (रिसेप्टर) ते पकडतात आणि स्नायू आखडतो. मण्यारीच्या विषातला एक घटक हे टोकच निकामी करतो, दुसरा ग्राहकांवर ठाण मांडतो. डोळ्यांच्या स्नायूंजवळ या देवघेवीत राखीव साठा कमी, म्हणून पहिली गळते ती पापणी.

नागाचं विष मुख्यतः ग्राहक अडवतं, त्यामुळे तिथे ॲसिटिलकोलीन लवकर मोडू न देणाऱ्या निओस्टिग्मीनचं इंजेक्शन बऱ्यापैकी कामी येतं. मण्यारीच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही. प्रतिविष रक्तातलं मोकळं विष मारतं, पण उद्ध्वस्त झालेली टोकं नव्यानं फुटायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्रानं चालवायचा. अशा रुग्णाची बोटं हलत नाहीत, डोळ्यांतल्या बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत, आणि तरी त्याला खाटेशेजारचं बोलणं ऐकू येत असू शकतं. मेंदू मेला असं समजून हात टेकण्याची घाई इथे जीवघेणी ठरते. मांत्रिकाकडे आणि दोरी आवळण्यात गेलेला वेळ तर निव्वळ वाया.

याच विषानं वैद्यकाला एक हत्यारही दिलं. १९६३ साली तैवानमध्ये चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते ग्राहकाला इतकं घट्ट धरून बसतं की त्याच्या मदतीनं ग्राहक शोधून काढता आले. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशाचे ग्राहक सशांना टोचले, तेव्हा सशांच्या शरीरानं त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली आणि ससे लुळे पडले. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू थकवणाऱ्या आजारात शरीर स्वतःच्याच ग्राहकांवर कसं उठतं, याचा धागा तिथे हाती लागला. या आजारातही पापणी पडते, पण सकाळी बरी, संध्याकाळी जड. कित्येकजण आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतात. निओस्टिग्मीनच्याच जातीच्या पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या आणि प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं घेऊन बहुतेकांचा संसार नीट चालतो.

बारावीतल्या पोरांना ‘न्यूरो’ म्हटलं की फक्त सर्जन दिसतो. न्यूरॉलॉजिस्ट व्हायचं तर इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, मग तीन वर्षं डीएम, आणि प्रत्येक उंबरठ्यावर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा. वाट लांबची आहे, पण आपल्याकडे बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) तिची सुरुवात करता येते. मला मात्र खाटेजवळची माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. नळीतला कफ ओढणारी, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणारी नर्स. आखडलेले सांधे मोकळे करणारा फिजिओथेरपिस्ट. चेता तपासणीच्या खोलीतला तंत्रज्ञ मनगटावर इलेक्ट्रोड चिकटवतो, सेकंदाला तीन असे हलके विजेचे झटके देतो आणि पडद्यावरच्या लाटा बघत बसतो. मायस्थेनियात पहिल्या लाटेपेक्षा चौथी-पाचवी बुटकी भरते. आणि वाळपईहून बांबोळीला येताना श्वास मंदावला, तर १०८ रुग्णवाहिकेतला माणूस वाटभर हवेची पिशवी हातानं दाबत राहतो.