गिरणी, पवनचक्की आणि ई-बस: साताऱ्या-सांगलीतल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

'न्याय्य संक्रमण' हा शब्द साताऱ्या-सांगलीत कुठल्या पारावर ऐकू येणार नाही. कोळसा-डिझेल सोडायचं तर त्यावर ज्याचं पोट आहे त्या कामगाराची सोय आधी लावा, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे ना कोळशाची खाण, ना कोराडीसारखं औष्णिक केंद्र. म्हणून हा प्रश्न विदर्भाचा, असं धरून चालतात. मला ते पटत नाही.

कल्पना मूळची अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणुकामगारांच्या संघटनेचे नेते टोनी माझोची यांची. विषारी रसायनांनी नासलेली जमीन साफ करायला सरकारी निधी आहे, मग तेच कारखाने बंद पडल्यावर बाहेर फेकल्या जाणाऱ्या माणसांसाठी का नको, हा त्यांचा सवाल. २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या प्रास्ताविकेत हा शब्द आला.

आपल्याकडे मात्र असं संक्रमण त्याआधीच होऊन गेलं होतं, न्याय्य हा शब्द वगळून. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं मुंबईच्या गिरणगावात, कापडगिरण्यांत राबायची आणि गावाकडची चूल मनीऑर्डरवर पेटायची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कायद्याने वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा, कामगार मात्र सामंतांकडे. संप अधिकृतपणे मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि कामगारांच्या घरांची ६,९२५ सदनिकांची सोडत निघाली २०१२ साली. तीस वर्षांनी! तोवर किती जण वारले, ते त्यांच्या वारसांना विचारा.

गावी परतलेल्यांपैकी काही जण गप्प बसले नाहीत. खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, तिच्यात संपातून परतलेले कामगार होते. दुष्काळी कामांवर नुसती खडी फोडायला लावू नका, दुष्काळ हटेल असं काम द्या, ही त्यांची मागणी. येरळा नदीवर बलवडीजवळ बळीराजा धरण उभं राहिलं ते नदीतली वाळू विकून आलेल्या पैशाला लोकवर्गणी आणि श्रमदानाची जोड देऊन. पाण्याचं वाटप समान, भूमिहीनालाही वाटा. युनियनमध्ये घडलेली माणसं शेतात आली की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

स्वच्छ विजेचं म्हणाल तर त्यातही आपण जुने. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात. पण धरणग्रस्तांचं पुनर्वसन साठ वर्षं उलटली तरी पुरतं मिटलेलं नाही. १९९० च्या दशकाअखेरीपासून पाटणजवळच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आल्या. एकदा उभी राहिली की पवनचक्कीला माणसं फारशी लागत नाहीत: एखादा वॉचमन, अधूनमधून तंत्रज्ञ. जमीन गावाची गेली, नोकऱ्या मोजक्याच. धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या श्रमिक मुक्ती दलाने, म्हणजे कासेगावच्या डॉ. भारत पाटणकरांच्या संघटनेने, पवनचक्क्यांच्या जमिनींचा प्रश्नही हाती घेतला.

आता पाळी एसटीची. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला, महामंडळ राज्य सरकारात विलीन करा म्हणणारा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, विलीनीकरण काही झालं नाही. पुढे १ जूनला पुणे-नगर मार्गावर विजेवर चालणारी पहिली 'शिवाई' बस धावली. आगारातल्या मेकॅनिकचं आयुष्य ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट आणि इंजेक्टरमध्ये गेलेलं. विजेच्या गाडीत यातलं इंजिनाचं काहीच नाही. महामंडळाने ५,१५० ई-बस भाड्याने घ्यायचं ठरवलं तेव्हा करारच असा झाला की गाडी, तिची देखभाल आणि चालक ठेकेदाराचा, किलोमीटरमागे पैसे महामंडळाचे. कंडक्टर तेवढा एसटीचा. एकाच गाडीत दोन माणसं, दोघांचे मालक वेगळे. कंडक्टर आपल्या युनियनची वर्गणी भरतो. शेजारच्या चालकाने कुठल्या युनियनची पावती फाडायची, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.