व्हेपमधली ‘नुसती वाफ’

‘व्हेपमध्ये तंबाखू नसतो, नुसती पाण्याची वाफ असते,’ हा व्हेपबद्दलचा, म्हणजे ई-सिगारेटबद्दलचा, मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तंबाखूची पानं नसतात हे खरं, म्हणूनच ते पटकन पटतं. पण आतलं द्रव म्हणजे पाणी नव्हे. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. आतली तारेची कॉइल तापली की त्याचेच बारीक थेंब फुफ्फुसात जातात.

पडताळा घरीच घेता येतो. चहाच्या आधणाची वाफ काचेवर धरा. सुकल्यावर बोटाला काही लागत नाही. काचा बंद करून ज्या गाडीत रोज व्हेप ओढला जातो, तिच्या काचेवरून आतून बोट फिरवा. चिकट थर लागेल.

आंब्याचा वास आला तरी निकोटिनची सवय लागतेच. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, म्हणून कॉलेजच्या पोरांची जास्त काळजी वाटते. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या पाकिटावरच्या ‘निकोटिन नाही’ या ओळीची खात्री कोण देणार?