बातमीतला टक्का बघून कंटेनर बदलू नका : आमच्या एक्स्पोर्ट ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार मंडळी,

टॉवेल, नॅपकिन, बेडशीट बाहेर पाठवणाऱ्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी, तुमची एक्स्पोर्टची कागदपत्रं आणि बाजाराचे आकडे बघणाऱ्या आमच्या ऑफिसकडून हे पत्रक. एलसी (बायरच्या बँकेची पैसे देण्याची हमी), बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) वगैरे तुम्हाला पाठच आहे, ते इथे नाही. विषय वेगळा आहे. बाहेरच्या देशांच्या जीडीपीची बातमी आली की आमच्या व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट यायला लागतात, चीन पाच टक्क्यांनी वाढतोय, जर्मनी शून्याच्या खाली, मग आपण जर्मनीचा माल थांबवून चीनला का नाही पाठवत, किंवा अमेरिका पडली म्हणतात तर ऑर्डर निम्मी करू का. विचारायला काहीच हरकत नाही, जरूर विचारा. पण काहीजण आधी ठरवून मोकळे होतात, कागदपत्रं तयार झाल्यावर क्वांटिटी बदला म्हणतात, मग एलसीत दुरुस्ती, पुन्हा बँक, पुन्हा बायरचा होकार, आणि शिपमेंटची तारीख हातातून जाते.

यात सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एकच आहे. वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले टक्के शेजारी शेजारी ठेवायचे आणि कोण पुढे कोण मागे ते ठरवायचं.

२०२० चं उदाहरण घ्या. एप्रिल ते जून या तिमाहीत भारत २३.९ टक्के पडला, ब्रिटन २०.४ टक्के आणि अमेरिका ३१.४ टक्के, असे आकडे तेव्हा आले. वाचणाऱ्याला वाटणार अमेरिकेची अवस्था सगळ्यात वाईट. पण आपला आकडा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करून काढलेला, ब्रिटनचा आधीच्या तिमाहीशी तुलना करून, आणि अमेरिकेची पद्धत अशी की एका तिमाहीत जेवढं हललं तसंच वर्षभर हलत राहिलं तर किती होईल ते सांगायचं. त्या तिमाहीत अमेरिका खरोखर पडली ती साधारण ९ टक्के. एकाने कापड गजाने मोजलं, दुसऱ्याने मीटरने, आणि आपण नुसते आकडे बघून जास्त कोणाकडे ते सांगायचं, तसला हा प्रकार. आजही अमेरिकेचा तिमाही आकडा ह्याच पद्धतीने येतो आणि चीनचा बातमीतला आकडा आदल्या वर्षाशी तुलना करून येतो, त्यामुळे बातमीत "अमेरिका ३, चीन ५" दिसलं तर आधी ते कशाशी तुलना करून काढलंय ते बघा. आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) एप्रिल आणि ऑक्टोबरच्या अहवालातही भारताचा आकडा एप्रिल-मार्च वर्षाचा असतो आणि अमेरिका, चीन, जपानचा जानेवारी-डिसेंबरचा.

दुसरं म्हणजे जीडीपी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. अमेरिकेत जीडीपीतला जवळपास ६८ टक्के भाग लोकांचा घरखर्च आहे, चीनमध्ये तोच ४० टक्क्यांच्या आसपास, तिथे कारखाने, रस्ते, इमारती यांतली गुंतवणूक मोठी. २०२४ ला चीनचा जीडीपी ५ टक्के वाढला पण रिटेल विक्री ३.५ टक्केच, कारण घरांच्या किमती पडल्यापासून लोक हात आखडून आहेत. शिवाय टॉवेल चीन स्वतःच ढिगाने बनवतो. उलट जर्मनी २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं आकसली, त्यात महाग वीज-गॅस आणि थंडावलेले कारखाने यांचा वाटा मोठा होता, म्हणून तिथल्या घरात टॉवेल घेणं बंद झालं असं होत नाही.

आता आपल्या धंद्याला सगळ्यात जवळचं उदाहरण. जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीचा ग्राहक विश्वासाचा निर्देशांक ५० वर आला, तोपर्यंतच्या इतिहासातला सगळ्यात खालचा. पेट्रोल महाग, महागाई चाळीस वर्षांत नव्हती एवढी. तरी अमेरिकन माणसाचा एकूण खर्च थांबला नाही, तो फक्त सरकला. कोविडमध्ये घरासाठी वस्तू घेऊन झाल्या होत्या, आता विमानाची तिकिटं, हॉटेलं, बाहेर खाणं. दुकानांच्या गोडाऊनमध्ये माल पडून राहिला, टार्गेट या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीने तर जूनमध्ये जाहीरच केलं की जादा माल सवलतीत काढू आणि काही ऑर्डरी रद्द करू. म्हणजे एकूण खर्चाचा आकडा चांगला, विश्वासाचा आकडा वाईट, आणि आपल्या मालाचं उत्तर या दोन्हीत नव्हतं, ते बायरच्या स्टॉकमध्ये होतं. म्हणूनच आम्ही प्रत्येक बायरला विचारतो की तुमच्याकडे किती आठवड्यांचा माल शिल्लक आहे. काही ग्राहकांना हे जादा खोदकाम वाटतं, पण हा प्रश्न आम्ही सोडणार नाही.

एका महिन्याच्या उडीवरही जाऊ नका. जपानने ऑक्टोबर २०१९ ला विक्रीकर ८ वरून १० टक्के केला, त्याच्या आदल्या महिन्यात लोकांनी घाईने खरेदी केली आणि नंतर विक्री धाडकन खाली. मार्च २०२५ ला अमेरिकेतही तेच, टॅरिफ (आयात शुल्क) लागायच्या आत गाडी घेऊन टाकू म्हणून विक्री उसळली. चीनचे जानेवारी-फेब्रुवारीचे आकडे तर एकत्रच येतात कारण त्यांचं नवीन वर्ष कधी या महिन्यात कधी त्या महिन्यात. आणि अमेरिकेच्या रिटेल सेल्समधून महागाई वजा केलेली नसते, भाव वाढले तरी आकडा वाढतो, माल तेवढाच विकलेला असू शकतो.

आमची मार्केट शीट, म्हणजे बाहेरच्या बाजारांच्या आकड्यांचा आमचा दर महिन्याचा तक्ता, महिना संपल्यावर येते, उशिरा येते अशी तक्रार असते. अमेरिकेचं रिटेल सेल्स महिन्याच्या मध्याला येतं, सेवांसकट पूर्ण खर्चाचा आकडा सहसा महिनाअखेरीला. दोन्ही हातात आल्याशिवाय आम्ही काही लिहीत नाही, आणि तीन महिन्यांचा कल दिसल्याशिवाय ऑर्डर कमीजास्त करा असं सांगत नाही. आकडे नंतर सुधारूनही येतात. त्याच दिवशी मत सांगणारे भरपूर आहेत, पण ख्रिसमसचा आणि जानेवारीच्या व्हाइट सेलचा (चादरी-टॉवेलांच्या सवलतीच्या विक्रीचा) माल तुम्हाला महिने आधी मागावर चढवावा लागतो, तिथे चुकीचा अंदाज म्हणजे सूत, डाइंग आणि व्याज तिन्ही अडकलं.

शीटमध्ये अमेरिका, युरोप, ब्रिटन, जपान आणि आखाताचे आकडे एकाच पद्धतीवर, म्हणजे आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून दिलेले असतात, आणि घरगुती कापडाची ओळ वेगळी, जिथे तो देश ती देतो तिथे. डॉक्युमेंटेशनचं काम आमच्याकडे असेल तर शीटचे वेगळे पैसे नाहीत. नुसती शीट हवी असेल तर वर्षाची वर्गणी आहे, ऑफिसला विचारा.

देश बदलायचा किंवा क्वांटिटी हलवायची असेल तर बायरला प्रोफॉर्मा (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) जायच्या आधी या. येताना मागच्या दोन वर्षांची देशवार इन्व्हॉइस आणि बायरची शेवटची रिपीट ऑर्डर आणा, बातमीचा स्क्रीनशॉट असेल तर तोही आणा, तो आकडा कशावर काढलाय ते समोर बसून बघू आणि मगच बायरला मेल करू.