बोटीवरचा व्हीएचएफ वायरलेस : कोणता घ्यावा, कसा बसवावा
(मासेमारी नौकांचे मालक आणि तांडेल यांच्यासाठी माहितीपत्रक)

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बोट किनाऱ्याला असते. व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) वायरलेस बसवायला किंवा जुना उघडून तपासायला हीच वेळ योग्य. पुढे बर्फ, डिझेल, जाळी यांची धांदल सुरू झाली की ओल्या हातांनी घाईत केबल जोडली जाते, आणि असा जोड दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

"सेट २५ वॅटचा आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. आवाज किती लांब जाईल हे ठरतं अँटेनाच्या उंचीवर, केबलच्या जाडीवर आणि बोलताना सेटला मिळणाऱ्या व्होल्टेजवर. दुरुस्तीला येणाऱ्या तक्रारींत सेट स्वतः बिघडल्याची उदाहरणं थोडी असतात. म्हणून हात आखडता घ्यायचा असेल तर सेट साधा घ्या, पण केबल आणि अँटेनात काटकसर करू नका.

आवाज किती लांब जाईल

व्हीएचएफच्या लहरी साधारण सरळ जातात, त्या समुद्राच्या गोलाईला वळसा घालत नाहीत. त्यामुळे हिशोब उंचीचा आहे. पाण्यापासून अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि २.२ ने गुणा. दोन्ही बोटींचे आकडे मिळवले की अंदाजे अंतर सागरी मैलांत मिळतं. दोन्ही अँटेना ४ मीटरवर असतील तर सुमारे ९ मैल, दोन्ही ९ मीटरवर असतील तर सुमारे १३ मैल. किनाऱ्यावरची अँटेना डोंगरावर १०० मीटर उंच असेल तर तुमच्या ९ मीटरच्या अँटेनाशी तिचं बोलणं २८ मैलांच्या आसपास जमतं. दोन खालच्या अँटेना एकमेकींना दिसतच नसतील तर वॅट वाढवून उपयोग नाही. अँटेना केबिनच्या छपरावरून काढून डोलकाठीच्या टोकाला नेणं हा सर्वात स्वस्त फायदा आहे.

सेट निवडताना

केबिनमध्ये पक्का बसवायचा, २५ वॅट आणि १ वॅट असे दोन टप्पे असलेला सागरी सेट घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात. पहिली, वर्ग डी प्रकारचं डीएससी, म्हणजे लाल बटण दाबल्यावर चॅनल ७० वरून आपोआप संकटाचा संदेश पाठवणारी सोय. दुसरी, आतच जीपीएस, किंवा बाहेरचा जीपीएस जोडायची वायर. तिसरी, आयपीएक्स७ हा दर्जा. याचा अर्थ सेट १ मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी शिरत नाही. पडद्याचा रंग आणि बाकी बटणं ज्याच्या त्याच्या आवडीची.

हातातला ५-६ वॅटचा सागरी संच जोडीला जरूर ठेवा, शक्यतो पाण्यावर तरंगणारा. बोट सोडायची वेळ आली तर तोच कामी येतो. पण तो मुख्य सेटची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याची अँटेना तुमच्या डोक्याच्या उंचीवर असते.

काही ग्राहक ट्रकवर लावतात तसा सीबी (सिटिझन बँड) संच मागतात, कारण २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत परवाना लागत नाही. समुद्रावर तो घेऊ नका. जहाजं आणि तटरक्षक दल १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सागरी चॅनल १६ वर ऐकत असतात. सीबीवर मारलेली हाक त्यांच्या कानी पडतच नाही. साध्या वॉकीटॉकीचंही तेच.

सागरी व्हीएचएफला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेसचे परवाने देणाऱ्या) शाखेचा परवाना लागतो, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. डीएससीसाठी नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे बोटीचा वायरलेसवरचा ओळख क्रमांक लागतो. भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. बहुतेक सेटमध्ये हा क्रमांक एक-दोनदाच भरता येतो, मग सेट तो कुलूपबंद करतो. म्हणून भरताना दोघांनी मिळून अंक वाचा. जुना सेट विकत घेत असाल तर त्यात दुसऱ्या बोटीचा क्रमांक नाही ना, हे पैसे देण्याआधी पाहा. चुकीच्या क्रमांकाने गेलेल्या संदेशावर शोध घेणारे भलत्याच बोटीच्या मालकाला फोन लावतील.

अँटेना

मासेमारी बोटीला ३ डेसिबलची (अँटेना ताकद किती एकवटते याचं हे माप), साधारण १ ते सव्वा मीटर लांबीची अँटेना आम्ही सुचवतो. ६ डेसिबलची अडीच मीटरच्या आसपास असते आणि कागदावर जास्त लांब मारते. पण तिचा झोत चपटा असतो. बोट डोलू लागली की तो एकदा आकाशात आणि एकदा पाण्यात जातो, आणि समोरच्याला आवाज तुटक ऐकू येतो. मोठ्या, कमी हलणाऱ्या ट्रॉलरवर ६ डेसिबल चालेल.

अर्ध्या तरंगलांबीची सागरी अँटेना घ्या. तिला खाली धातूचा पत्रा लागत नाही, त्यामुळे लाकडी आणि फायबरच्या बोटीवर ती नीट चालते. गाडीच्या टपावर लावायची अँटेना बोटीवर निकामी ठरते ती याच कारणाने.

अँटेना उभी सरळ हवी. लोखंडी डोलकाठी, तारा आणि दुसरी अँटेना यांपासून किमान १ मीटर लांब ठेवा. डोलकाठीला चिकटून बांधलेली अँटेना एका बाजूला आंधळी होते. रडार असेल तर त्याच्या झोताच्या पातळीत ती येऊ देऊ नका.

केबल आणि कनेक्टर

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक बिघाड इथलेच. बारीक आरजी-५८ केबल २० मीटर टाकली तर सेटमधून निघालेल्या २५ वॅटपैकी अँटेनापर्यंत सुमारे ११ पोहोचतात. जाड आरजी-२१३ टाकली तर १६-१७ पोहोचतात. ऐकतानाही तेवढीच घट होते. लागेल तेवढीच केबल कापा. उरलेलं वेटोळं छपराखाली ठेवलं तर त्यातही ताकद जाते.

केबलच्या टोकाला पीएल-२५९ कनेक्टर लावताना आधी त्याची बाहेरची फिरती रिंग केबलमध्ये सरकवा. ही रिंग विसरली की सगळं डाखलेलं पुन्हा काढावं लागतं. मग बाहेरचं आवरण सोला, त्याखालची विणलेल्या तारांची जाळी कनेक्टरच्या भोकांतून दिसेल अशी बसवा आणि त्या भोकांतून डाख द्या. २५ वॅटची बारीक डाखणी इथे पुरत नाही. ती कनेक्टर तापवेपर्यंत आतलं प्लास्टिक वितळून मधली तार सरकते. ६० ते १०० वॅटची डाखणी घ्या आणि काम पटकन उरका. मधल्या टोकालाही डाख भरा. शेवटी केबल दोन्हीकडून मोकळी असताना मल्टिमीटर लावा : मधली तार आणि जाळी यांच्यात जोड दिसता कामा नये. अँटेना जोडल्यावर मात्र काही अँटेनांत हा जोड दिसतो, ती त्यांची रचनाच असते, बिघाड नव्हे.

वरच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. ती खालून वर चढवा, म्हणजे पदर कौलांसारखे एकावर एक येतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. तिच्यावर उन्हापासून संरक्षणाला काळी पीव्हीसी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल.

जुनी केबल कापून पाहा. जाळी तांबूस, चकचकीत असेल तर ठीक. काळपट किंवा हिरवट असेल, बोटाला भुकटी लागत असेल, तर खारं पाणी आत चढलेलं आहे. अशा वेळी फक्त टोक कापून भागत नाही, कारण पाणी जाळीतून कित्येक मीटर आत ओढलं जातं. अख्खी केबल बदला.

वीज

२५ वॅटवर बोलताना सेट ५ ते ६ अँपिअर घेतो. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार होते. १.५ चौरस मिमी तारेत सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात, ४ चौरस मिमी तारेत ०.३ पेक्षा कमी. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार घ्या. ती थेट बॅटरीपासून ओढा, स्टार्टरच्या किंवा दिव्यांच्या लाइनवरून नको, नाहीतर इंजिन सुरू करताना सेट बंद पडून पुन्हा चालू होतो. १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, वीतभर अंतरात. सेटजवळ लावलेला फ्यूज मधली तार घासून शॉर्ट झाल्यास आगीपासून वाचवत नाही.

बोटीवर २४ व्होल्टची यंत्रणा असेल तर दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. ती एक बॅटरी उतरत जाते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. मोसम संपायच्या आत दोन्ही जातात. २४ ते १२ चा, सलग १० अँपिअर देणारा कन्व्हर्टर लावा.

स्पीकरमध्ये चुंबक असतो. सेट होकायंत्रापासून किमान १ मीटर लांब बसवा आणि बसवल्यावर सेट चालू-बंद करून सुई हलते का ते पाहा. जीपीएस बाहेरचा असेल तर त्याची पाठवणारी वायर सेटच्या घेणाऱ्या वायरला जोडायची, माहिती पाठवण्याचा वेग ४८०० ठेवायचा. पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसले तरच जोडणी झाली. ते दिसत नसतील तर लाल बटण दाबूनही तुमची जागा कोणाला कळणार नाही.

धक्क्यावरची तपासणी

अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका, आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. आधी १ वॅटवर, मग २५ वर तपासा. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा) १५६ मेगाहर्ट्झ मोजणारा हवा. सीबीचा २७ मेगाहर्ट्झचा मीटर इथे खोटा आकडा दाखवतो. १.५ च्या आत उत्तम, २ च्या वर गेला तर थांबून जोड शोधा, ३ म्हणजे पाव ताकद परत येते आहे. मात्र पाणी शिरलेल्या केबलवर सेटजवळचा मीटर फसवा, छान आकडा दाखवतो, कारण परत येणारी ताकद केबलच खाऊन टाकते. शंका असेल तर वर चढून अँटेनाच्या टोकाशी वॅट मोजा.

बटण दाबून ठेवलेलं असताना सेटच्या मागे व्होल्टेज पाहा. ११.७ च्या खाली जात असेल तर तार किंवा बॅटरी कमी पडते. खरखर येत असेल तर स्क्वेल्च (खरखर गाळणारं बटण) पूर्ण उघडा आणि एलईडी दिवे, इन्व्हर्टर, कन्व्हर्टर एकेक बंद करत जा. ज्याच्या बंद होण्याने खरखर थांबते तो दोषी. स्क्वेल्च नंतर जेमतेम खरखर थांबेल इतकाच फिरवा. तो जास्त फिरवला तर दूरच्या बोटीची क्षीण हाक गाळली जाते. सेट आंतरराष्ट्रीय पद्धतीवर आहे ना, तेही पाहा. चुकून अमेरिकन पद्धत लागली की काही चॅनलवर तुमचं कोणाला आणि कोणाचं तुम्हाला ऐकू येत नाही.

बोटीबोटींतल्या बोलण्याला चॅनल ८ किंवा ७२ घ्या. १६ वर फक्त हाक मारून तिकडे सरका. माइक खाली ठेवताना बटण अडकलं तर १६ अख्खं बंद पडतं आणि जवळपासच्या कोणाचीही संकटाची हाक ऐकू जात नाही. पडद्यावर पाठवण्याची खूण सतत दिसत असेल तर आधी माइक उचलून पाहा. मोसमात दर आठवड्याला माइक गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, बटणाच्या खाचेत मीठ साचतं.

सेटशेजारी चिकटवायचा कागद

संकटात : लाल बटणाचं झाकण उचला, बटण पाच सेकंद दाबून धरा. मग चॅनल १६, २५ वॅट. "मेडे" तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग नोंदणी क्रमांक, अक्षांश-रेखांश, काय झालं, माणसं किती, कोणती मदत हवी. इंग्रजी अडलं तर हिंदीत सांगा, "मेडे" हा शब्द तोच ठेवा. बोलून झालं की बटण सोडा आणि ऐका.

चुकून बटण दाबलं गेलं तर सेट बंद करून गप्प बसू नका. सेटवरून संदेश रद्द करा आणि १६ वर बोटीचं नाव घेऊन तसं सांगा.

मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.