माणसे धरणारे (ख्रिस्ती संकल्पना)

येशू ख्रिस्ताने आपल्या पहिल्या शिष्यांना नेमून दिलेल्या कामाचे हे नाव. गालील समुद्रात जाळे टाकत असलेल्या शिमोन पेत्राला व त्याचा भाऊ आंद्रिया याला तो म्हणाला, ‘माझ्यामागे या म्हणजे मी तुम्हांला माणसे धरणारे करीन’ (बायबल, मत्तय ४:१९). सुवार्ताप्रसारावर, म्हणजे येशूचा संदेश इतरांना सांगण्यावर, बोलताना ख्रिस्ती उपदेशक आजही मासेमारीचे दाखले देतात ते या वचनाच्या आधारे. त्यांतले सगळेच दाखले त्या काठावरच्या धंद्याला धरून असतात असे मात्र नाही.

गालील समुद्र हे वस्तुतः गोड्या पाण्याचे सरोवर. लांबी सुमारे २१ किमी., रुंदी सुमारे १३ किमी. आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा २०० मीटरांहून खाली. १९८६ मध्ये दुष्काळामुळे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसरजवळच्या चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची आठेक मीटर लांबीची लाकडी होडी सापडली. अशा होडीला एकटा माणूस पुरा पडत नाही. याकोब व योहान या शिष्यांचा बाप जब्दी याच्या होडीवर मुलांखेरीज मजूरही होते (मार्क १:२०). शिमोनाचे भागीदार दुसऱ्या होडीत होते (लूक ५:७). उथळ पाण्यात पाग (फेकायचे जाळे) एकट्याला फेकता येतो, पण रापण (ओढायचे लांब जाळे) ओढायची तर दोन्ही टोकांना माणसे हवीत. गळाचा उल्लेख शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील चार पुस्तकांत, एकदाच येतो, तोही मंदिराच्या कराच्या प्रसंगी (मत्तय १७:२७).

हा तपशील अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘जसा मासा तसे आमिष’ हा उपदेशातला लोकप्रिय धडा जाळ्याच्या मासेमारीतून निघतच नाही. तो गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसाचा आहे. समोरच्याचे जगणे समजून घेऊन त्याच्याशी बोलावे इतकाच त्याचा अर्थ घेतला तर हरकत नाही. पण आमिषाच्या टोकाला गळ असतो, आणि ऐकणाऱ्याला तो दिसू नये अशीच गळ टाकणाऱ्याची इच्छा असते. लपवाछपवी व कपट आपण टाकून दिले आहे, असे प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिले आहे (२ करिंथ ४:२). जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी २०११ मध्ये मिळून काढलेल्या आचारविषयक निवेदनातही सेवाकार्यात पैशाचे वा इतर कसलेही प्रलोभन दाखवू नये असे बजावले आहे.

जाळ्याच्या धंद्यातून निघणारे धडे कमी चमकदार, पण अधिक भक्कम आहेत. रात्रभर कष्ट करूनही हाती काही न लागणे हा त्या धंद्याचा भागच होता. लूकाच्या वृत्तांतात शिमोन तसा रिकाम्या हाताने परतलेला असतो आणि येशूच्या शब्दावर पुन्हा खोल पाण्यात जातो. जे मिळते ते त्याच्या कसबाचे फळ म्हणून सांगितलेले नाही. बोलावणे आले तेव्हा जब्दीचे मुलगे जाळी नीट करत बसले होते, लूकाच्या वृत्तांतातले कोळी ती धूत होते. ख्रिस्ती मंडळीतली (चर्चमधली) भांडणे मिटवणे, नव्याने आलेल्याची विचारपूस करणे ही कामे याच जातीची, आणि साक्ष देण्याच्या, म्हणजे आपली श्रद्धा इतरांना सांगण्याच्या, शिकवणीत त्यांना क्वचितच जागा मिळते. येशूने सांगितलेल्या जाळ्याच्या दाखल्यात (मत्तय १३:४७–५०) सर्व प्रकारचे मासे आत येतात. निवड युगाच्या शेवटी देवदूत करतात. कोणाला सांगावे व कोणाला वगळावे हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे जाळे ओढणाऱ्याकडे राहत नाही.

या रूपकाला मर्यादाही आहेत. पकडलेला मासा मरतो, ही त्यातली उघड अडचण. बायबलच्या जुन्या करारात तर हीच प्रतिमा भीतिदायक आहे : यिर्मया (१६:१६) व हबक्कूक (१:१४–१७) या संदेष्ट्यांकडे माणसांना माशांसारखे धरणे म्हणजे शिक्षा आणि परचक्र. येशूने ती उद्धाराकडे वळवली. तरीही प्रेषितांच्या पत्रांत सुवार्ताकार्यासाठी ती वापरलेली आढळत नाही. पौल लागवडीविषयी (१ करिंथ ३:६) आणि वकिलातीविषयी (२ करिंथ ५:२०) बोलतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात १५३ मासे किनाऱ्यावर ओढून आणणाऱ्या पेत्राला न्याहारीनंतर मिळणारी आज्ञा मेंढरे राखण्याची आहे.